भाईजानचा अंगठा

मागच्या वर्षी शाबान महिन्यात माझ्या थोरल्या भावाला अर्धांगाचा झटका आला. वय अवघं चव्वेचाळीस. मिरजेत अब्बांच्या वेळेपासूनचं आमचं शिलाईचं दुकान आहे, ते भाईजानच सांभाळतात. अकरा दिवसांनी दवाखान्यातून घरी आले तेव्हा जीभ जड होती, उजवा पाय ओढत होता आणि उजवा हात मांडीवर नुसता ठेवल्यासारखा पडलेला असायचा. जीभ आणि पाय दोन-तीन महिन्यांत बरेच सुधारले. हात मागे राहिला. त्यातही अंगठा. शिंप्याचा उजवा अंगठा म्हणजे काय, हे कातर हातात धरून पाहिल्याशिवाय कळायचं नाही.

फिजिओथेरपिस्ट बाई आठवड्यातून दोनदा यायच्या. कपड्यांचे चिमटे दोरीला लावायचे आणि काढायचे, कणकेचा गोळा दाबायचा, नाणी एकेक करून वाटीत टाकायची. भाभी रोज सकाळी मूठभर कणीक वेगळी काढून ठेवायची. भाईजान चार दिवस करायचे, पाचव्या दिवशी कंटाळायचे. "बालवाडीत घातलंय मला," म्हणायचे.

मी सांगलीला एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. रविवारी माहेरी जाते. अशाच एका रविवारी माळ्यावरून गाद्या काढताना खाली एक पुठ्ठ्याचं खोकं सापडलं. आत आमचा व्हिडिओ गेम! दोन रिमोट, एक बंदूक, पाच कॅसेटी, सगळं भाईजाननी जुन्या साडीत गुंडाळून ठेवलेलं. मला वाटलं, चिमट्यांपेक्षा हे काय वाईट? डाव्या अंगठ्याने दिशा, उजव्या अंगठ्याने उडी. बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, अर्धा तास चालेल, थकले की थांबवा.

हा गेम अब्बांनी १९९६ साली कोल्हापूरहून आणला होता. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ मध्ये फॅमिकॉम नावाचं यंत्र काढलं, त्याची ही नक्कल. त्या काळी आपल्याकडे घरोघरी अशाच नकला होत्या. खोक्यावर लाखो गेम असल्याचं छापलेलं, प्रत्यक्षात मारिओ, कॉन्ट्रा, डक हंट आणि तेच पुन्हा वेगळ्या नावांनी. त्या वेळच्या आमच्या टीव्हीला मागे फक्त अँटेनाचं भोक होतं. गेमची वायर तिथे घालायची आणि मग अब्बा टीव्हीसमोर उकिडवे बसून बारीक चक्री फिरवत राहायचे. मुंग्या, मुंग्या, मग आवाज, मग काळापांढरा मारिओ, आणि अखेर लाल टोपी दिसली की आम्ही दोघं ओरडायचो. भाईजान पंधरा वर्षांचे, मी बारा. पहिला रिमोट कायम त्यांचा. माझ्या वाट्याला दुसरा, कॉन्ट्रामधला लाल माणूस.

असो. खोकं खाली आणलं. जुना अ‍ॅडॅप्टर मेलेला होता. नवा आणण्याआधी मी यंत्राच्या पोटावरचं चित्र पाहिलं, आणि बरं झालं पाहिलं. नऊ व्होल्ट तर होतेच, पण पिनच्या आतल्या भागाला ऋण आणि बाहेरच्या भागाला धन अशी खूण होती. बाजारातले बरेच अ‍ॅडॅप्टर नेमके याच्या उलटे असतात. तसाच लावला असता तर तीस वर्षांचं यंत्र एका सेकंदात गेलं असतं.

पुढची अडचण टीव्हीची. भाईजानच्या हॉलमध्ये त्रेचाळीस इंची एलईडी आहे. गेमला पिवळी आणि पांढरी अशा दोन पिना, आणि टीव्हीला तशी भोकंच नव्हती. भाच्याने ऑनलाइन शोधून चारशे रुपयांचा एक कन्व्हर्टर मागवला. एका बाजूने पिवळी पिन आत, दुसऱ्या बाजूने एचडीएमआय बाहेर. त्याचं आवाजाचं भोक सैल निघालं म्हणून आवाजाची पिन भाच्याच्या कॉम्प्युटरच्या स्पीकरला जोडली. ही लहानशी गैरसोय पुढे फार उपयोगाची ठरली.

त्रेचाळीस इंचांवर मारिओ आला. बुटका आणि रुंद, कारण चौकोनी चित्र टीव्हीने ओढून लांबट केलं होतं. कडा कुरतडल्यासारख्या. तरी भाईजानच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी पोरकट हसू आलं. रिमोट धरता आला. अंगठा बटणावर नीट बसला. मारिओ पळाला आणि पहिल्याच खड्ड्यात पडला.

पुन्हा. पुन्हा खड्ड्यात. ज्यांनी हा खेळलाय त्यांना माहीत आहे, चार हिरवे पाइप ओलांडले की पहिला खड्डा येतो, फक्त दोन विटांचा. भाईजान तो खड्डा एके काळी डोळे मिटून उडायचे. त्या दिवशी नऊ वेळा पडले. दहाव्या वेळी त्यांनी रिमोट गादीवर ठेवला, डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर घेतला आणि हळूच म्हणाले, "हात गया मेरा."

त्यांचं ते वाक्य घेऊन मी सांगलीला परतले. आपणच हे खोकं काढलं, आपणच त्यांना दाखवून दिलं की हात गेला, असं वाटत राहिलं. दोन रविवार कुणी गेमचं नाव काढलं नाही. तिसऱ्या रविवारी भाचा एकटाच खेळत होता आणि मी दारात उभी राहून चहा पीत होते. तोही पडत होता. चौदा वर्षांचा पोरगा, मोबाइलवर दिवसभर बोटं चालवणारा, तोही त्याच खड्ड्यात. "फुफी, गेमच बकवास आहे," तो म्हणाला. आणि मला आठवलं, पहिल्या दिवशी मीही पडले होते. मी म्हणाले होते, सवय गेली. म्हणजे पडत सगळेच होते. कुणी दोष सवयीला दिला, कुणी गेमला. भाईजाननी तेवढा तो आपल्या हातावर घेतला.

मग एक गोष्ट लक्षात आली आणि हातातला चहा तसाच राहिला. उडीचा तो 'टुंग' आवाज स्पीकरमधून आधी येत होता आणि मारिओ नंतर उडत होता. पावसाळ्यात वीज आधी दिसते, गडगडाट मागून येतो. मी दरवर्षी सातवीच्या मुलांना हेच शिकवते. इथे उलटं चाललं होतं. आवाज वेळेवर होता. चित्रच उशिरा येत होतं!

मोजायचं कसं? भाच्याच्या मोबाइलमध्ये स्लो मोशन आहे, सेकंदाला २४० चित्रं घेतं. एका चौकटीत रिमोटवरचा अंगठा आणि मागचा टीव्ही दोन्ही दिसतील असा मोबाइल टेकवला. अंगठा दाबला गेल्यापासून मारिओचे पाय जमीन सोडेपर्यंतची चित्रं एकेक करून मोजली. त्रेचाळीस! म्हणजे सेकंदाचा जवळजवळ पाचवा हिस्सा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' सापडला, तो चालू केल्यावर तीस. शेजाऱ्यांच्या थोड्या जुन्या एलईडीला पिवळ्या पिनेचं भोक होतं. तिथे कन्व्हर्टरशिवाय सरळ जोडून पाहिलं, पस्तीस. आणि त्या टीव्हीचा गेम मोड फक्त एचडीएमआयलाच लागू होता.

हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण पळताना मारिओ गेमच्या एका चित्रात अडीच ठिपके पुढे जातो आणि या गेमची वीट सोळा ठिपक्यांची असते. आपल्याकडची यंत्रं सेकंदाला पन्नास चित्रं काढतात. हिशेब केला तर आमच्या टीव्हीवर मारिओ जिथे दिसायचा त्याच्या वीटभर पुढे तो खरोखर पोहोचलेला असायचा. काठ दिसून अंगठा दाबावा तोवर काठ मागे गेलेला. वर निरोगी माणसालाही काही पाहून बोट दाबायला साधारण पाव सेकंद लागतो. लहानपणी आमचा अंगठा हे सगळं अंदाजाने जुळवून घ्यायला शिकला होता. तीस वर्षांनी टीव्ही बदलला, अंगठ्याला कुणी कळवलं नाही.

हा उशीर होतो कुठे, ते थोडं सांगते. जुना डब्बा टीव्ही काही साठवत नाही. मागच्या नळीतून इलेक्ट्रॉनचा झोत येतो आणि सिग्नल येईल तसतशी एकेक ओळ काचेवर काढत जातो. वरची ओळ काढताना खालची ओळ अजून आलेलीसुद्धा नसते. एलईडी टीव्ही आधी चित्र जमा करतो, मोठं करतो, रंग सुधारतो, कडा धारदार करतो, मग दाखवतो. बातम्या किंवा मालिका पाहताना आवाजही तेवढाच मागे ठेवला जातो, म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही.

त्यात या जुन्या गेमची एक युक्ती नव्या टीव्हीला उमगत नाही. आपलं जुनं प्रक्षेपण ६२५ ओळींचं, पण त्या ओळी दोन हप्त्यांत येत. आधी एक आड एक ओळी, मग उरलेल्या मधल्या. गेमवाल्यांनी मधल्या ओळींना सुट्टी दिली आणि प्रत्येक वेळी त्याच ओळी पुन्हा काढल्या. डब्ब्यावर चित्र स्थिर आणि ठसठशीत दिसायचं, मध्ये बारीक काळ्या रेघा. नवा टीव्ही किंवा स्वस्त कन्व्हर्टर मात्र समजतो की ही अर्धी-अर्धी चित्रं आहेत, आणि दोन वेगवेगळ्या क्षणांची चित्रं एकमेकांत विणायला बसतो. वेळ जातोच, शिवाय पळणाऱ्या माणसाच्या कडा कंगव्यासारख्या दिसतात.

आता डब्बा टीव्ही कुठून आणायचा? आमचा स्वतःचा भाभीने सहा-सात वर्षांपूर्वी भंगारात दिला होता, दोनशे रुपयांत, आणि त्यावर स्टीलची पातेली घेतली होती. ती पातेली अजून आहेत. मी आणि भाचा दोन रविवार फिरलो. भंगारवाल्यांकडे नळ्या होत्या, पण फुटलेल्या. शेवटी स्टेशनच्या बाजूला एका जुन्या रिपेअरवाल्या चाचांच्या दुकानात, पंख्यांच्या ढिगामागे एकवीस इंची एक सापडला. चाचांनी आठशे रुपये सांगितले आणि वर दम दिला, "बेटी, मागचं झाकण काही झालं तरी उघडायचं नाही. नळीत वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो, बटण बंद केलं तरी काही वेळ राहतो." हा दम मी जसाच्या तसा वाचकांनाही देते. असा टीव्ही बिघडला तर जाणकाराकडेच न्या, घरी पेचकस लावू नका. दोघांनी मिळून रिक्षात चढवताना कंबर धरली ती वेगळीच.

डब्बा टीव्ही आला म्हणून सगळं आपोआप सुटलं नाही. भाईजाननी हट्ट धरला की पूर्वीसारखी अँटेनाची वायरच लावायची. लावली. चक्री नव्हती, रिमोटने चॅनल शोधलं. चित्र वेळेवर आलं, पण त्यात मुंग्या आणि लाल रंग बाजूला सांडलेला. त्या वायरमध्ये चित्र आणि आवाज एकत्र बांधून रेडिओसारख्या लहरींवर चढवलेले असतात आणि टीव्ही ते पुन्हा उतरवून सोडवतो. या चढउतारात बराच माल सांडतो. मग पुढच्या बाजूची पिवळी पिन लावली, मुंग्या एकदम गेल्या. अब्बा असते तर म्हणाले असते, मी उगाच गुडघे झिजवले.

तरी एक जाड पट्टी चित्रात हळूहळू वर सरकत होती. मला वाटलं टीव्हीचा दोष. निघाला माझ्या नव्या अ‍ॅडॅप्टरचा. स्वस्त अ‍ॅडॅप्टर वीज नीट गाळत नाही, तिची लहर चित्रात उतरते. जरा बरा अ‍ॅडॅप्टर आणल्यावर पट्टी गेली. पिवळी वायरही बदलली, कारण पहिली नुसती आवाजाची होती. चित्रासाठी ७५ ओहमची म्हणून वायर मिळते, तिने कडा थोड्या सावरल्या. पिना गंजून काळ्या पडल्या होत्या, त्या पुसून घेतल्या. कॅसेटमध्ये फुंकर मारायची आमची जुनी सवय चुकीची होती हेही तेव्हाच कळलं. तोंडातल्या ओलाव्याने पट्ट्या गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसणं बरं.

आमच्या नकलेला पिवळ्या पिनेच्या पुढे काही जमत नाही. पण कुणाच्या घरी प्लेस्टेशन टू पडून असेल तर त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. पिवळ्या वायरमध्ये उजेड आणि रंग एकाच तारेतून जातात, म्हणून अक्षरांच्या कडेला रंगीत किडे वळवळताना दिसतात. एस-व्हिडिओमध्ये दोन्ही वेगळे जातात. हिरवी, निळी, लाल अशी तीन पिनांची कंपोनंट वायर त्याहून चांगली. ती लावल्यावर सगळं हिरवं दिसलं तर टीव्ही बिघडला असं समजू नये, प्लेस्टेशनच्या सेटिंगमध्ये आरजीबी निवडलेलं असतं, ते बदलावं. काही टीव्हींत पिवळ्या पिनेला वेगळं भोक नसतं, हिरव्यातच ती घालायची असते. चित्र काळंपांढरं आलं तर टीव्हीचा इनपुट कंपोनंटवर आहे, तो एव्हीवर करावा. आणि एकाच जाड पिनेतून तीन फाटे फुटणारी वायर असेल तर रंगांवर विश्वास ठेवू नका. कंपन्यांचा क्रम वेगवेगळा असतो, पिवळीने चित्र आलं नाही तर लाल लावून पाहा.

एलईडीवरच खेळायचं असेल तर गेम मोड लावावा, शार्पनेस कमी करावा, चित्र चार बाय तीन ठेवावं. ओएसएससी आणि रेट्रोटिंक नावाची चांगली यंत्रं निघाली आहेत, ती या जुन्या सिग्नलला ओळखतात आणि उशीर जवळजवळ होऊ देत नाहीत. मात्र ओएसएससीला पिवळी पिन चालत नाही, आणि दोन्हींच्या किमती पाहून मी पान बंद केलं. माझ्या पगारात आठशेचा डब्बाच बसतो.

मोबाइलवर डब्ब्याचं स्लो मोशन पाहिलं तेव्हा मात्र मी चकित झाले. प्रत्येक चित्रात पडद्याचा जेमतेम पाचवा भाग उजळलेला, बाकी सगळा अंधार, आणि उजेडाचा तो पट्टा वरून खाली सरकत असलेला. आम्ही लहानपणी जे पूर्ण चित्र पाहिलं ते कधीच पूर्ण नव्हतं, आपल्याच डोळ्यांनी जोडलेलं होतं. अंगठ्यापासून उडीपर्यंत चित्रं मोजली. आठ. त्रेचाळीसच्या जागी आठ. मी कागदावर दोन्ही आकडे लिहून भाईजानसमोर धरले. त्यांनी कागद वाचला, काही बोलले नाहीत. फक्त रिमोट मागितला.

पहिल्यांदा पडले. दुसऱ्यांदा पडले. तिसऱ्यांदा मारिओ खड्ड्यावरून गेला. भाभी स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं भाचा पलंगावरून पडला. ओरडले भाईजान होते.

पण हे सांगताना मला पुरतं खरं सांगायला हवं. टीव्हीचा दोष होता तसा अंगठाही मंद होताच. त्यानंतरचा तीन विटांचा खड्डा त्यांना कित्येक आठवडे जमला नाही. पळत येऊन बटण दाबून धरायला लागतं आणि अंगठा मध्येच सुटायचा. आमच्या बाई म्हणाल्या, गेमने हात बरा होतो असं मी लिहून देणार नाही, चिमटे आणि कणीक चालूच ठेवा. भाईजान आता दोन्ही करतात. चिमटे सकाळी, मारिओ असरनंतर. पूर्वी हात चालला नाही की चेहरा पडायचा. आता ते विचारतात, मोबाइल लाव, बघू कितीत दाबलं. आम्ही त्यांचा आकडा एका वहीत लिहितो. तो दर आठवड्याला कमी होत नाही. एकदा वाढलाही होता, त्या रात्री त्यांची झोप झाली नव्हती.

ईदच्या दुसऱ्या दिवशी मुलांनी बंदूक काढली. ती एलईडीवर आयुष्यात चालली नसती. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीच्या नळीतला डोळा तो शोधतो. त्याच क्षणी दिसला तर बदक पडलं. उशीर झाला की नेम कितीही अचूक असो, फुकट. डब्ब्यावर बदकं पटापट पडली. भाईजाननी बंदूक उजव्या हातात घेतली, डाव्याचा टेकू दिला, दहांपैकी दोन पाडली. भाचीने आठ.

दुकान सध्या अर्धा दिवस उघडतं. कातरकाम कारागीर करतो, भाईजान मापं घेतात आणि खडूने आखतात. खडू उजव्या हातात असतो.

गेल्या रविवारी मला जाता आलं नाही, शाळेत परीक्षा होती. रात्री फोन आला. तीन विटांचा खड्डा दोनदा ओलांडला, पुढे कासवाने मारलं, असं सांगत होते. मी म्हटलं, पट्टी वगैरे आली होती का चित्रात, वायर हलली असेल. "छे," ते म्हणाले, "टीव्ही ठीक आहे. चूक माझीच होती," आणि हसले. मग भाभीने फोन घेतला. तिला विचारायचं होतं की या डब्ब्याला लाईट किती जाते.